पेशीपटल लहान आयन अडवते आणि मोठा जाऊ देते, हे कसे?

मानेवाडा_वाचक (नागपूर) यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी यंदा अकरावी विज्ञानला आहे आणि तिच्याबरोबर मीही जीवशास्त्र नव्याने वाचते आहे. प्रद्रव्यपटल, म्हणजेच पेशीपटल, हे निवडक्षम पारपटल असते, म्हणजे ते काही पदार्थांना आत-बाहेर जाऊ देते आणि काहींना अडवते, हे वाक्य शाळेपासून परिचयाचे आहे, आणि त्याचा अर्थ बहुतेक जण चाळणीसारखा घेतात: छिद्राहून लहान असेल ते पार होईल, मोठे असेल ते अडेल. परवा मुलीने पोटॅशियमच्या मार्गिकेविषयी, म्हणजे पटलातल्या पोटॅशियमसाठीच्या वाटेविषयी, वाचले आणि विचारले, की पोटॅशियमचा आयन (विद्युतप्रभार असलेला अणू) सोडियमच्या आयनापेक्षा मोठा असूनही त्या मार्गिकेतून पोटॅशियम जातो आणि सोडियम जात नाही, हे चाळणीच्या हिशेबात कसे बसते? उत्तर आम्हा दोघींनाही सापडलेले नाही.

दुसरा प्रश्न माझा स्वतःचा आहे. आपल्याकडे नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की घरोघरी ओआरएसची पाकिटे येतात, आणि ते पाणी ठरलेल्या प्रमाणातच कालवावे, असे डॉक्टर बजावून सांगतात. शरीराला पाणी हवे असेल तर नुसते पाणी का पुरत नाही, त्यात मीठ आणि साखर दोन्ही कशासाठी, आणि चवीसाठी साखर थोडी जास्त घातली तर बिघडते काय? या दोन्ही प्रश्नांचे मूळ पेशीपटलातच असावे असे वाटते, म्हणून एकत्र विचारते आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

धरमपेठ_जीवशास्त्र यांचे उत्तर

ताई, आपल्या मुलीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळायला विज्ञानालाही १९९८ साल उजाडावे लागले. मी कनिष्ठ महाविद्यालयात हा भाग शिकवतो आणि चाळणीची कल्पना विद्यार्थ्यांच्या मनातून आधी काढून टाकल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून सुरुवात पटलापासूनच करतो.

पेशीपटल मुख्यतः फॉस्फोलिपिड या मेदाच्या रेणूंच्या दोन थरांचे बनलेले असते. प्रत्येक रेणूचे डोके पाण्याशी जुळवून घेणारे असते आणि त्याच्या दोन शेपट्या पाण्यापासून दूर राहू पाहतात, त्यामुळे डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे राहतात, तर शेपट्या मधल्या भागात एकमेकींसमोर येऊन तेलकट गाभा तयार होतो. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींमधील मेद काढून पाण्यावर पसरला, तेव्हा त्याने व्यापलेले क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट भरले आणि पटल दुपदरी असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. (त्यांच्या मोजमापात दोन त्रुटी होत्या: सगळा मेद निघाला नव्हता आणि पेशींचा पृष्ठभागही कमी धरला गेला होता. या दोन त्रुटींनी एकमेकींची भरपाई केली आणि निष्कर्ष बरोबर ठरला.) हे पटल सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर जाडीचे असते; अशी सव्वा ते दीड लाख पटले एकावर एक रचली, तर कुठे एक मिलिमीटर जाडी भरेल.

महत्त्वाची गोष्ट अशी की या दुपदरी मेदात छिद्रे नसतातच. तिथून पार व्हायचे तर तेलकट गाभ्यात विरघळावे लागते. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड विरघळतात, म्हणून ते विनासायास जातात. इस्ट्रोजेनसारखी स्टेरॉइड संप्रेरके सोडियमच्या आयनापेक्षा कितीतरी मोठी असतात, तरीही ती जातात. सोडियमचा आयन मात्र इवलासा असूनही अडतो, कारण त्याच्यावर विद्युतप्रभार असतो, पाण्याच्या रेणूंनी त्याला चहूबाजूंनी धरलेले असते आणि ते पाणी सोडून तेलात शिरण्यासाठी लागणारी ऊर्जा त्याच्याजवळ नसते. पहिल्याच पायरीवर आकाराचा निकष असा मागे पडतो.

आयनांना वाट मिळते ती पटलात रुतलेल्या प्रथिनांमधून. ही प्रथिने मेदाच्या थरात तरंगत असतात, हे चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली मांडले आणि ते आजही मूलतः मान्य आहे. यांपैकी पोटॅशियमची मार्गिका प्रत्यक्ष कशी दिसते, हे रॉडरिक मॅकिनन यांनी एका जिवाणूतील प्रथिनाचा स्फटिक करून, क्ष-किरणांच्या साह्याने १९९८ साली दाखवले. त्यासाठी त्यांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. पोटॅशियमच्या आयनाची त्रिज्या सुमारे ०.१३ नॅनोमीटर आणि सोडियमची सुमारे ०.१ नॅनोमीटर असते. मार्गिकेचा सर्वांत अरुंद भाग जेमतेम १.२ नॅनोमीटर लांबीचा असून, त्याच्या भिंतीतून ऑक्सिजनचे अणू आतल्या बाजूला डोकावत असतात. पोटॅशियमचा आयन तिथे येतो तेव्हा त्याला आपल्याभोवतीचे पाणी सोडावे लागते; परंतु भिंतीतले ऑक्सिजन अणू नेमके तेवढ्याच अंतरावर असतात, जेवढ्या अंतरावर पाण्यातले ऑक्सिजन अणू होते. पाणी सोडल्याने झालेले ऊर्जेचे नुकसान त्यामुळे जागच्या जागी भरून निघते आणि आयन पुढे सरकतो. सोडियमचा आयन लहान असल्यामुळे त्या भिंतीतले ऑक्सिजन अणू त्याच्यापासून दूर राहतात, भरपाई पुरी होत नाही आणि तो पाणी सोडून आत शिरत नाही. सोडियम अडतो तो लहान आहे म्हणूनच. या मार्गिकेतून एका सोडियममागे पोटॅशियमचे १०,००० आयन जातात आणि एवढी काटेकोर निवड करूनही सेकंदाला १० कोटींच्या घरात आयन पार होऊ शकतात. मला तर हा वेग वाचून दरवेळी थक्क व्हायला होते.

प्रतापनगर_२२ यांचा प्रतिसाद

सर, आम्हाला असे शिकवले होते की पाण्याचे वेष्टन धरले तर सोडियम हा पोटॅशियमपेक्षा मोठा ठरतो आणि म्हणून तो अडतो. अकरावीच्या मुलांना एवढे सांगितले तर पुरेसे नाही का?

धरमपेठ_जीवशास्त्र

सोडियम आपल्याभोवती पाणी अधिक घट्ट धरून ठेवतो, हे खरे आहे. परंतु तेवढ्याने भागत नाही. अरुंद भागात आयन पाण्याच्या वेष्टनासह शिरतच नाही, तिथे पोटॅशियमलाही पाणी सोडूनच जावे लागते. शिवाय याच पटलात सोडियमच्याही मार्गिका असतात आणि त्या पोटॅशियमला फारसा थारा देत नाहीत. वेष्टनासह मोठा तो अडतो एवढाच नियम असता, तर अशी सोडियमची मार्गिका संभवलीच नसती. ज्या प्रथिनाची भिंत ज्या आयनाला पाण्याइतकाच आधार देते, तो आयन त्यातून जातो, असे सांगितले तर मुलांना ते कळते. मी वर्गात तसेच सांगतो.

मेडिकल_चौक यांचे उत्तर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. मी डॉक्टर आहे आणि उन्हाळ्याच्या दिवसांत याविषयी रोजच बोलावे लागते.

पाणी आतड्यातून रक्तात खेचून नेणारा कोणताही पंप शरीरात नाही. पाणी परासरणाने जाते, म्हणजे विरघळलेले पदार्थ जिथे अधिक असतील त्या बाजूला ते सरकते. तेव्हा आतड्यातले पाणी रक्ताकडे न्यायचे असेल, तर आधी क्षार तिकडे नेले पाहिजेत. आतड्याच्या पेशींच्या आतड्याच्या पोकळीकडील कडेवर यासाठी एक वाहक प्रथिन असते, त्याला एसजीएलटी-१ म्हणतात. ते सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू असे एकत्रच उचलते आणि पेशीत सोडते. दोहोंपैकी एक नसेल तर दुसऱ्याचेही वहन नीट होत नाही. मीठ आणि साखर दोन्ही लागतात ती यासाठी. सोडियम आणि ग्लुकोज यांची अशी जोडी असावी, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडले होते.

हे प्रथिन स्वतः ऊर्जा खर्च करत नाही. पेशीत सोडियम कमी आणि बाहेर जास्त असतो, त्या उतारावर सोडियम आत येतो आणि येताना ग्लुकोजला बरोबर आणतो. हा उतार टिकवून धरण्याचे काम पेशीच्या रक्ताकडील बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप करतो. एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा) एक रेणू खर्चून तो सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. रक्तात सोडियम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल (मिलिमोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक) असतो, पेशीत मात्र साधारण १० ते १५. पोटॅशियमचे प्रमाण नेमके उलटे असते. आपण स्वस्थ पडून असतानाही शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक या एका पंपावर जातो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कू यांना १९५७ साली खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंवर काम करताना हा पंप सापडला आणि त्याबद्दलचे नोबेल त्यांना तब्बल ४० वर्षांनी, १९९७ साली मिळाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते, त्यातून सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल होतात. साखर वाढवली तर वाहक प्रथिनाला न पेलणारी साखर आतड्यातच राहते आणि परासरणाने उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते, म्हणजे जुलाब वाढतात. बाजारातली गोड शीतपेये आणि डबाबंद रस ओआरएसच्या जागी देऊ नयेत, ते याच कारणासाठी. पाकीट एक लिटरचे असेल तर ते एक लिटरमध्येच पूर्ण कालवावे. अंदाजाने अर्धे पेल्यात आणि अर्धे उद्याला, असे करू नये. पाकीट हाताशी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण चालते. चमचा चहाचा, लहान घ्यावा.

कॉलऱ्यामध्ये याचे महत्त्व कळून येते. कॉलऱ्याचे विष आतड्याच्या पेशींमधील क्लोराइडची मार्गिका उघडी ठेवते, क्लोराइड बाहेर पडतो आणि त्याच्यामागे सोडियम आणि पाणी वाहून जाते. परंतु एसजीएलटी-१ या प्रथिनाला ते विष धक्का लावत नाही. एक वाट बिघडलेली असताना शेजारची दुसरी वाट शाबूत असते आणि ओआरएस त्याच वाटेचा उपयोग करून घेते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने द्यायला सुरुवात केली, आणि ३० टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. माझ्या मते हा सन्मान फार आधी व्हायला हवा होता.

मानेवाडा_वाचक

दोन्ही सरांचे मनापासून आभार. मुलीने सगळे वाचले आणि तिची पुढची शंका अशी आहे, की जर निवड प्रथिनाच्या रचनेतच ठरलेली असेल, तर पेशी स्वतः काही नियमन करते असे का म्हणायचे? रचना तर बदलत नाही.

मेडिकल_चौक

शंका अगदी रास्त आहे. प्रथिनाची निवड ठरलेली असते. परंतु ते प्रथिन पटलात आहे की नाही, किती संख्येने आहे आणि या क्षणी उघडे आहे की मिटलेले, हे पेशी बदलू शकते. नियमन असते ते इथे. चेतापेशीतील सोडियमची मार्गिका पटलावरील विद्युतदाब बदलला की उघडते आणि मिलिसेकंदाच्या आसपास पुन्हा बंद होते. आपली प्रत्येक संवेदना अशा उघडझापेवर चालते.

नागपूरच्या उन्हाळ्याशी जोडलेले उदाहरण मूत्रपिंडाचे आहे. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत घेतात. मूत्र होते ते साधारण दीड लिटर. शेवटच्या टप्प्यावर किती पाणी परत घ्यायचे, हे तिथल्या नलिकांच्या पेशी ठरवतात. पाण्यासाठी ॲक्वापोरिन-२ नावाची मार्गिका असते आणि ती एरवी पेशीच्या आत लहान पुटिकांमध्ये, म्हणजे पटलाच्याच इवल्या पिशव्यांमध्ये, साठवलेली असते. पारा ४५ अंशांवर गेलेला असताना माणूस घामाने थबथबून घरी येतो तेव्हा रक्त किंचित दाट झालेले असते, मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक स्रवते, त्याचा निरोप मिळताच काही मिनिटांत त्या पुटिका पेशीच्या कडेला जाऊन पटलात मिसळतात आणि पाणी परत घेतले जाऊ लागते. मूत्र थोडे आणि गडद पिवळे होते ते त्यामुळे. भरपूर पाणी प्यायले की संप्रेरक कमी होते आणि त्याच मार्गिका पटलाच्या तुकड्यासह पुन्हा आत ओढून घेतल्या जातात. ज्यांच्यात हे संप्रेरक तयार होत नाही किंवा ही मार्गिका सदोष असते, त्यांना दिवसाला दहा लिटर किंवा त्याहूनही अधिक मूत्र होऊ शकते.

स्नायूंमध्ये ग्लुकोजसाठी असलेल्या ग्लुट-४ या वाहकाचेही असेच आहे. तो पुटिकांमध्ये आत असतो आणि इन्सुलिनच्या निरोपावर पटलावर येतो. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात पेशी या निरोपाला नीट प्रतिसाद देत नाही. परंतु स्नायू आकुंचन पावू लागला की ग्लुट-४ इन्सुलिनवाचूनही पटलावर येतो. सकाळी अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर झपझप फिरून आलेल्या मधुमेही माणसाची साखर उतरते, त्यामागे हेही एक कारण आहे. हे कारण रुग्णांना समजावून सांगितले तर ते चालणे सोडत नाहीत, असे मी पाहिले आहे.

धरमपेठ_जीवशास्त्र

डॉक्टरसाहेबांनी ॲक्वापोरिनचा उल्लेख केला म्हणून त्यासंबंधीचा एक प्रयोग सांगतो, तो मला फार आवडतो. पीटर ॲग्री तांबड्या रक्तपेशींतील आरएच रक्तगटाच्या प्रथिनावर काम करत असताना त्यांच्या नमुन्यात एक अनोळखी प्रथिन पुनःपुन्हा येत होते. ते पाण्याची मार्गिका असावे अशी शंका आल्यावर त्यांनी बेडकाची अंडी घेतली. ही अंडी तळ्याच्या गोड्या पाण्यात राहूनही फुगत नाहीत, कारण त्यांचे पटल पाणी फारसे आत घेत नाही. त्यांनी काही अंड्यांत त्या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए (ते प्रथिन बनवण्याचा निरोप असलेला रेणू) टोचला, प्रथिन तयार होऊन पटलात बसू दिले आणि मग ती अंडी क्षार कमी असलेल्या पाण्यात सोडली. साधी अंडी होती तशीच राहिली; टोचलेली अंडी पाहता पाहता फुगली आणि फुटली. १९९२ सालचा हा प्रयोग. या एका मार्गिकेतून सेकंदाला सुमारे ३०० कोटी पाण्याचे रेणू जातात, आणि पाण्याबरोबर हायड्रोजनचा एकही आयन सुटू नये अशी तिची रचना असते. ॲग्री यांनाही २००३ सालच्याच नोबेलचा अर्धा वाटा मिळाला.

मुलीला घरी काही पाहायचे असेल तर बीट घ्यावे. बिटाचे सारखे तुकडे करून पाण्याखाली चांगले धुवावेत, म्हणजे कापलेल्या पेशींचा रंग निघून जाईल, आणि मग काही तुकडे थंड पाण्यात व काही कडकडीत गरम पाण्यात टाकावेत. थंड पाणी बराच वेळ जवळजवळ स्वच्छ राहते, गरम पाणी लगेच लालबुंद होते. रंगाचा रेणू दोन्हीकडे तोच आहे, पेशीची भित्तिका (पटलाबाहेरची टणक भिंत) हीही दोन्हीकडे आहे. उष्णतेने विसकटली ती पटले.

सूक्ष्मदर्शी मिळाला तर रिओ या शोभेच्या रोपाच्या पानाची जांभळी साल त्याहून चांगली. पानाच्या खालच्या बाजूची पातळ साल काढून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवली, की प्रत्येक पेशी कडेपर्यंत जांभळ्या रंगाने भरलेली दिसते. आता त्याच सालीवर मिठाचे तीव्र द्रावण सोडावे. काही मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांतून सुटू लागतो, भित्तिका जागेवर राहते आणि आतला जीवद्रव्याचा गोळा आक्रसत मध्यभागी येतो. द्रावण टिपकागदाने काढून पुन्हा साधे पाणी दिले तर तो परत फुलतो. हीच कृती दुसऱ्या सालीवर करावी, मात्र ती आधी काही मिनिटे उकळून घ्यावी: रंग पाण्यात उतरलेला असेल आणि कितीही मीठ घातले तरी आत काही आक्रसणार नाही. तिला दोन्ही काचपट्ट्या शेजारी ठेवून पाहू द्याव्यात. रिओ शहरातल्या बऱ्याच रोपवाटिकांमध्ये मिळते, आणि उन्हाळ्यात त्याला सावलीत ठेवून पाणी घालत राहिले तर वर्षभर प्रयोगाला पाने पुरतात.